शिवलेला वारा

समितीची बैठक जेवणाआधी घ्यायची की जेवणानंतर, यावरून मालक आणि आत्याबाई यांची सकाळपासून धुसफूस चालली होती. आत्याबाईंचं म्हणणं असं की जेवण झालं की माणसं पेंगतात आणि ठरावांकडे कुणाचं लक्ष राहत नाही. मालकांचंही म्हणणं अगदी हेच होतं, म्हणूनच त्यांना बैठक जेवणानंतर हवी होती. जावईबापू चहाचा कप घेऊन जेवणघराच्या खिडकीशी उभे होते आणि नेहमीप्रमाणे दोघांच्याही बोलण्यावर मान डोलावत होते. या मान डोलावण्यात त्यांचा हात धरणारा घरात दुसरा कुणी नव्हता.

नगरपालिकेच्या इतर समित्यांना गणसंख्येची मारामार असायची. रसायन सुरक्षा समितीची गणसंख्या मात्र ताटं मांडली की आपोआप पूर्ण व्हायची. अध्यक्ष आत्याबाई, कारण त्या तीनदा निवडून आल्या होत्या आणि चौथ्यांदा येणार होत्या. उद्योगांचे प्रतिनिधी त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे मालक, कारण ब्लीचचा कारखाना त्यांचा. शहरात अमोनियावर चालणारा बर्फाचाही एक कारखाना होता, पण त्याच्या मालकाला कुणी बैठकीचं कळवतच नसे. आरोग्याचे प्रतिनिधी डॉक्टरकाका, तिघांतले शेंडेफळ. नागरिकांच्या प्रतिनिधी म्हणून मालकांच्या पत्नीची नेमणूक झाली तेव्हा विरोधकांनी थोडा गोंधळ घातला होता. "का? ती काय नागरिक नाही?" असं आत्याबाईंनी भर सभागृहात विचारलं आणि नेमणूक मंजूर झाली. राहता राहिले सचिव. ते नगरपालिकेचे सुरक्षा निरीक्षक. त्यांच्या सहीशिवाय कारखान्यातली काडीही हलू नये अशी कायद्याची अपेक्षा होती.

हे निरीक्षक पूर्वी जावई नव्हते. तरुणपणी ते एकदा रागाने लालबुंद होऊन, हातात नोटीस घेऊन या घराच्या पायऱ्या चढले होते. मालकांनी त्यांना बसवलं, चहा मागवला, चहाबरोबर मुलीलाही बोलावलं. नोटीस द्यायला आलेला माणूस नवरदेव होऊन गेला, आणि ती नोटीस कुठे गेली हे पुढे कुणी विचारलं नाही. तेव्हापासून कारखान्याची तपासणी याच खिडकीतून होत असे. खिडकीतून अंगण दिसायचं, अंगणापलीकडे टाक्या दिसायच्या, आणि दोन घासांच्या मध्ये मान वर करून पाहिलं की तपासणी झाली. जावईबापूंना कधी कधी याची लाज वाटायची. वाढलेलं ताट समोर आलं की ती ओसरायची.

आज मात्र लाज सकाळपासूनच बसून होती. मालकांना क्लोरीनची नवी, मोठी टाकी बसवायची होती. त्यासाठी आधी आपत्तीचा सराव व्हायला हवा होता, सरावात सगळं ठीक आढळायला हवं होतं आणि जावईबापूंची सही हवी होती. टाकीसाठी जी जागा ठरली होती ती शाळेच्या भिंतीला खेटून होती. त्याच शाळेत जावईबापूंची बायको शिकवत होती आणि त्यांची चिमणी पहिलीत होती.

"आज सही करणार आहेस?" बायकोने सकाळी त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात, चिमणीच्या वेण्या घालता घालता विचारलं होतं.

"सराव तर होऊ दे. बघून ठरवू."

"काय बघणार तू? खिडकीतून जे दिसतं तेच ना?"

"अगं, तुझेच वडील आहेत ते."

"म्हणून तर सांगतेय. मी त्यांना तुझ्या आधीपासून ओळखते." तिने वेणीला गाठ मारली. "तू सही केलीस तर मी भांडणार नाही. पण मग मला हेही सांगू नकोस की तुझा नाइलाज होता."

बायको भांडली असती तर जावईबापूंना बरं वाटलं असतं. भांडणात दोन्ही बाजूंना मान डोलावता येते.

"जावईबापू!" आत्याबाईंच्या हाकेने कप हातातच हिंदकळला. "जरा इकडे बघा. हे काय लोंबतंय?"

त्या खिडकीतून उंच खांबाकडे बोट दाखवत होत्या. खांबाच्या टोकाला पांढऱ्या-नारिंगी पट्ट्यांची कापडी नळी होती. वारा कुठून कुठे वाहतो ते तिच्यावरून कळतं. वायू सुटला तर नळीचं शेपूट ज्या दिशेला, त्याच्या उलट पळायचं, असा सगळ्या रसायन कारखान्यांचा नियम. कागदोपत्री तिचं नाव विंडसॉक होतं. सासूबाई तिला मोजा म्हणत आणि तेच नाव घरात रूढ झालं होतं.

"वाराच पडलाय, म्हणून तो खाली आलाय," जावईबापू म्हणाले.

"वारा पडो नाहीतर काही होवो. पेपरवाले फोटो काढणार आहेत. एवढा रंग लावला, पाट्या नव्या केल्या, आणि मधोमध हा ओला मोजा वाळत घातल्यासारखा! वहिनी, तुमचं मशीन बाहेर काढा बरं."

सासूबाईंचा शिवणात हातखंडा होता आणि त्याची कदर या घरात क्वचितच व्हायची. त्यांनी मोजा खाली उतरवून घेतला, आतून जाड कॅनव्हासचं अस्तर लावलं, तोंडाशी आणि शेपटाशी तारेची कडी घातली, आणि मोजा असा काही टणक झाला की टेबलावर उभा करून त्यात छत्र्या ठेवता आल्या असत्या. आत्याबाईंनी त्याला दोन्ही बाजूंनी न्याहाळून पसंती दिली.

"आता खांबाला पक्का बांधून टाका, म्हणजे परत लोंबायला नको," त्या म्हणाल्या.

"बांधायचा?" जावईबापूंनी घसा खाकरला. "पण तो फिरायला हवा ना? वाऱ्याबरोबर?"

"फिरेल की. फोटो झाले की सोडून देऊ."

"बांधायचा तर कुठे तोंड करून?" सासूबाईंनी विचारलं. प्रश्न अगदी गृहिणीचा होता. कपाट कुठल्या भिंतीला लावायचं असं विचारावं, तसा. पण समितीचे सगळे सदस्य हजर असल्यामुळे त्यावर रीतसर चर्चा झाली.

"शेपूट घराकडे नको," आत्याबाई म्हणाल्या. "बरं दिसत नाही."

"शाळेकडे तर मुळीच नको," सासूबाई म्हणाल्या. "चिमणी आहे तिथं."

"मग कामगारांच्या खोल्यांकडे करा," डॉक्टरकाका वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले.

"युनियनवाले बोंब मारतील," मालक म्हणाले. "मागे मैदान आहे ना मोकळं? मैदानाकडे करा. तिथं कुणी राहत नाही, कुणाची तक्रार नाही. आणि वारा मैदानाकडे असला की सगळ्यांनी उलटं पळून आपल्या बागेत यायचं. टेबलंही तिथंच मांडलीत."

"ठरलं," आत्याबाई म्हणाल्या. "एकमताने."

अशा रीतीने वाऱ्याची दिशा ठरली. खांबाला शिडी लावली गेली, शिपाई वर चढला, आणि शिडी हलू नये म्हणून जावईबापूंनी ती खालून धरली. त्यांना हसूही येत होतं. घरात एवढा मनमोकळा प्रसंग बऱ्याच दिवसांत आला नव्हता. वडिलांच्या मृत्यूनंतर कारखान्याच्या वाटणीवरून मालक आणि आत्याबाई यांच्यात जे बिनसलं होतं, ते आज एका मोज्यापायी सांधल्यासारखं वाटत होतं.

शाळेत निघालेली बायको चिमणीचा हात धरून फाटकाशी थांबली. वर पाहत तिने विचारलं, "आई, हे तू शिवलंस?"

"हो. कसं दिसतंय?"

"छान दिसतंय. शिवण एकदम पक्की आहे." मग तिने शिडी धरलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. चिमणीला घेऊन शाळेत निघून गेली.

जावईबापूंचं हसू मावळलं. पण शिडी सोडली असती तर शिपाई पडला असता, तेव्हा ती धरून राहणं भागच होतं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

सराव सुरू व्हायच्या आधी मालकांनी फोरमनला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे जावईबापूंच्या पाठीमागे दोन पावलांवर.

"गेल्या वर्षी ओली पोती जाळली," मालक म्हणाले. "नुसता धूर. ताई म्हणाली काही मजा नाही आली. यंदा जरासा खराच सोड."

"खरा? क्लोरीन?" फोरमनचा आवाज चिरकला.

"अरे वासापुरता रे. झाकण किलकिलं करायचं आणि लगेच बंद. लोकांना वाटलं पाहिजे ना, काहीतरी झालं म्हणून."

जावईबापूंच्या कानावर शब्द न शब्द पडला. आता वळायला हवं, नाही म्हणायला हवं, हे त्यांना कळत होतं. त्यांनी कप तोंडाला लावला. कपात काही नव्हतं, तरी ते बराच वेळ पीत राहिले.

भोंगा वाजला. कामगार रांगेने बाहेर आले, पेपरवाल्यांनी फोटो काढले, आत्याबाईंनी पदर सारखा केला. बागेत पांढऱ्या चादरी घातलेल्या टेबलांशी समिती बसली होती. जावईबापूंच्या हातात लाउडस्पीकरचा माइक होता. कुणी कुठे पळायचं ते सांगणं हे निरीक्षकाचं काम.

तिकडे फोरमन जुन्या टाकीपाशी गेला. व्हॉल्व्हचं चाक कालच हिरव्यागार रंगाने रंगवलं होतं आणि रंग वाळून ते जागच्या जागी चिकटलं होतं. त्याने हाताने जोर लावला, हलेना. पान्हा लावला, हलेना. पान्ह्यावर लटकला, तेव्हा चाक एकदम गरकन फिरलं, आणि मग उलटं काही केल्या फिरेना. टाकीच्या बुडाशी हिरवट-पिवळा ढग उठला. पोत्यांच्या धुरासारखा वर न जाता तो जमिनीला पोट लावून सरपटायला लागला.

"वा!" आत्याबाई म्हणाल्या. "यंदा छान जमलंय."

फोरमन ओरडत तोंडाला मास्क लावायला धावला, तेव्हा काय झालं ते जावईबापूंना कळलं. पुढचं त्यांनी शिकल्याप्रमाणे केलं, अगदी तंतोतंत. मान वर करून विंडसॉककडे पाहिलं. शेपूट ताठ, मैदानाकडे. त्यांनी माइक तोंडाशी धरला.

"सगळ्यांनी मालकांच्या बागेत या! वारा मैदानाकडे आहे! शाळेतल्या मुलांना बागेत आणा! मैदानाकडे कुणीही जाऊ नका!"

सकाळी शिडी त्यांनीच धरली होती. अस्तर कुठल्या कापडाचं ते त्यांना ठाऊक होतं. तरीही त्या क्षणी मोज्याच्या सांगण्यावर त्यांचा पूर्ण विश्वास बसला, कारण तो ठरलेल्या खांबावर होता आणि वर पाहायचं हेच ते इतकी वर्षं इतरांना शिकवत आले होते. समोर टेबलावरच्या चादरीचं टोक फडफडून त्यांच्याच अंगावर येत होतं. ते त्यांनी डाव्या हाताने दाबून धरलं आणि घोषणा पुन्हा एकदा केली.

ढग अंगण ओलांडून थेट बागेत आला.

"अहो, हे इकडे काय येतंय?" आत्याबाई उभ्या राहिल्या. "हे मैदानाकडे जायला हवं! जावईबापू, त्याला सांगा..." पुढचं वाक्य खोकल्यात बुडालं. पेपरवाल्यांनी फोटो काढत काढतच भिंतीवरून उड्या मारल्या. डॉक्टरकाका, आरोग्याचे प्रतिनिधी, सगळ्यात आधी बागेतल्या नळाखाली जाऊन बसले आणि आत्याबाईंनाही नळ मिळू देईनात. मालक सासूबाईंना ओढत घराकडे पळत होते आणि त्याच वेळी फोरमनला शिव्या देत होते. दोन्ही कामं एकदम होईनात म्हणून मध्येच थांबत होते. बागेतच बोलावलेले कामगार बागेतून वाट फुटेल तिकडे पळाले.

आणि जावईबापू मुलांना शोधत होते. त्यांनी स्वतःच्या तोंडाने मुलांना इथे बोलावलं होतं. घशात सुऱ्या फिरल्यासारखं होत होतं, डोळे उघडत नव्हते. त्या हिरवट धुक्यात हात फिरवत ते टेबलांखाली, झाडांमागे वेण्यांची एक लहान मुलगी चाचपडत होते. बागेत एकही मूल नव्हतं. ते धडपडत शाळेत गेले. वर्ग रिकामे होते, दप्तरं बाकांवर तशीच. मागच्या दाराने ते बाहेर धावले.

मुलं मैदानात होती. पार पलीकडच्या टोकाला, रांगा करून बसलेली. तिथली हवा स्वच्छ होती आणि वारा मैदानावरून कारखान्याकडे, कारखान्यावरून बागेकडे वाहत होता. बायको हजेरी घेत होती. त्यांना पाहून तिने आधी शेवटचं नाव पुकारलं, "हजर" ऐकलं आणि मगच वळली.

"मी बागेत आणायला सांगितलं होतं," जावईबापू म्हणाले.

"ऐकलं मी. अख्ख्या शहराने ऐकलं."

"मग?"

"तो मोजा आईने शिवलाय. मी मैदानातली धूळ कुठे उडतेय ते बघितलं आणि मुलांना घेऊन इकडे आले."

जावईबापू मटकन खाली बसले. डोळ्यांतून आधीच पाणी वाहत होतं, त्यामुळे ते रडताहेत हे कुणाला कळलं नाही. चिमणी रांग मोडून जवळ आली.

"बाबा, तुम्ही आम्हाला तिकडे का बोलवत होता?"

त्यांनी तिला जवळ ओढलं. ती उत्तराची वाट बघत थांबली. थोड्या वेळाने, बाई रागावतील म्हणून, परत रांगेत जाऊन बसली.

दुपारी जेवणघराच्या खिडक्या लावून घेतल्या होत्या आणि फटींत ओले टॉवेल कोंबले होते. फोरमनने मास्क लावून व्हॉल्व्ह कसाबसा बंद केला होता. तो आणि आणखी दोन कामगार इस्पितळात होते, पण वाचणार होते. समिती टेबलाशी बसली होती. सगळ्यांचे डोळे टोमॅटोसारखे लाल. आत्याबाईंचा आवाज पूर्ण गेला होता. इतक्या वर्षांत त्यांच्या अध्यक्षतेखाली झालेली ही पहिलीच शांत बैठक.

"अहवाल घ्या लिहून," मालक म्हणाले. "सराव यशस्वी. प्रत्यक्ष आपत्तीची परिस्थिती निर्माण करून समितीने स्वतः जातीने अनुभव घेतला."

आत्याबाईंनी दोन्ही हात जोरजोरात हलवले.

"ताई म्हणतेय, 'जातीने' खाली रेघ मारा."

आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. ताई नको म्हणतेय हे टेबलावरच्या प्रत्येकाला दिसत होतं. त्यांचा फोटो उद्या पेपरात डॉक्टरकाकांशी नळासाठी भांडताना येणार होता, आणि अहवाल जितका कमी लिहिला जाईल तितका त्यांना हवा होता. पण मालकांना बहिणीचं म्हणणं स्वतःच सांगायची अशी संधी जन्मात पहिल्यांदा मिळाली होती. ते सोडतात थोडेच!

"मी शिवलं ते," सासूबाई म्हणाल्या. "शेपूट शाळेकडे नको म्हणाले मी. चिमणी आहे म्हणून. आणि तिलाच..."

"तुझा काय दोष?" मालक म्हणाले. "ऐन वेळी वाऱ्याने दिशा बदलली. तसं लिहा. नैसर्गिक कारण. डॉक्टर, तुझं काय मत?"

"मी तटस्थ," डॉक्टरकाका डोळ्यांवरची ओली पट्टी न काढता म्हणाले. आयुष्यभर ते प्रत्येक गोष्टीत तटस्थ राहत आले होते, नळ सोडून.

दार उघडून बायको आत आली.

"ही समितीची बैठक आहे," मालक म्हणाले. "तू सदस्य नाहीस."

"मी जेवायला आलेय," ती म्हणाली आणि आईच्या शेजारची खुर्ची ओढून बसली. मालकांना ते मान्य करावं लागलं, कारण ताटं खरोखरच मांडलेली होती.

मालकांनी मुलीकडे पाहिलं, मग जावयाकडे, आणि मग त्यांचा चेहरा मवाळ झाला. जावईबापूंनी हा चेहरा पूर्वी एकदाच पाहिला होता, हातात नोटीस घेऊन आले होते त्या दिवशी.

"हे बघ बाळ," मालक मुलीला म्हणाले. "तुझं म्हणणं मला पटलं. आज जे झालं ते पाहून माझाही जीव वरखाली झाला. टाकी शाळेच्या भिंतीला नको. संपलं! आपण ती दुसऱ्या बाजूला नेऊ, कामगारांच्या खोल्यांकडे. युनियनचं मी बघतो. शाळेला धक्का नाही, चिमणीला धक्का नाही. आता तरी खूश?"

टेबलावरून सुटकेचा निःश्वास गेला. सासूबाईंनी डोळे पुसले. आत्याबाईंनीही मान हलवली, यावेळी होकारार्थी. मालकांनी अहवालाचा कागद सहीसाठी जावयापुढे सरकवला.

जावईबापूंना हलकं वाटलं. खोटं कशाला बोला, खूपच हलकं वाटलं. सगळ्यांचं समाधान होत होतं, घर तुटत नव्हतं, चिमणी सुरक्षित होती. त्यांनी पेन उचललंसुद्धा. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती आता हसेल असं त्यांना वाटलं होतं.

"बाबा, त्या खोल्यांमधली मुलं माझ्याच वर्गात असतात," ती शांतपणे म्हणाली. "चिमणीच्या बाकावर शेजारी बसते ती तिथलीच. शाळा सुटल्यावर तिला मी कुठे पाठवू?"

"आता सगळ्या जगाची काळजी आपणच करायची का?" मालक म्हणाले. "जावईबापू, तुम्ही करा सही. ती दमलीय."

पेन कागदावर टेकलं होतं. तुम्ही आम्हाला तिकडे का बोलवत होता? चिमणीला अजून उत्तर दिलं नव्हतं. आता सही केली की आणखी एका घरातल्या मुलांना ते तिकडेच बोलावणार होते, फक्त माइकशिवाय. जावईबापूंना स्वतःची इतकी किळस आली की समोरचं ताट त्यांनी नकळत दूर लोटलं. मग कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागले. बराच वेळ लिहीत होते. मालकांना वाटलं, अहवाल मोठा होतोय.

"हे काय?" त्यांनी कागद वाचून विचारलं.

"कारखाना बंद करण्याचा आदेश. आत्तापासून."

"समितीपुढे ठेवावा लागेल. मतदान होईल."

"नाही लागत," जावईबापू म्हणाले. "निरीक्षकाला धोका दिसला तर तो स्वतःच बंद करू शकतो. समितीला विचारायची गरज नाही."

"हे कधीपासून?"

"मी नोकरीला लागलो तेव्हापासून."

डॉक्टरकाकांनी डोळ्यांवरची पट्टी काढली. "मग इतकी वर्षं आपण सगळे इथे कशाला जमत होतो?"

"जेवायला," सासूबाई म्हणाल्या.

मालकांच्या कपाळाची शीर उडायला लागली. "ज्या घराने तुम्हाला मुलगी दिली, ज्या घरात तुम्ही रोज दुपारी पाटावर बसल्यासारखे बसता, त्या घराला टाळं लावता? उद्या तुमची बदली कुठे होते बघा. ताई, सांग याला!"

आत्याबाईंनी तोंड उघडलं. आवाज आला नाही. त्यांनी भावाकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं, आणि उद्याच्या पेपरात 'अध्यक्षांनी तत्काळ कारवाई केली' असं छापून येणं अजून शक्य आहे का याचा हिशेब त्यांच्या लाल डोळ्यांत स्पष्ट दिसला. त्यांनी पेन मागून घेतलं आणि आदेशाखाली, जावयाच्या सहीच्या जरा वरती, आपली सही ठोकून दिली.

"बदली होईल तेव्हा होईल," जावईबापू म्हणाले. "तोवर टाक्या रिकाम्या करून हलवेपर्यंत आजूबाजूला कुणालाही राहता येणार नाही. कामगारांच्या खोल्या रिकाम्या होतील. शाळा बंद राहील. आणि हे घरही."

"हे घर?"

"टाकीच्या सगळ्यात जवळ हेच आहे, मालक."

"आणि आम्ही जायचं कुठे?"

"नगरपालिकेच्या सभागृहात सोय करतो. सतरंज्या आहेत तिथं."

"कामगारांबरोबर? सतरंजीवर? मी?"

सासूबाई उठल्या. आतल्या खोलीत जाऊन त्यांनी मालकांच्या गोळ्या, दोन चादरी आणि एक उशी पिशवीत भरली, आणि पिशवी घेऊन दाराशी येऊन उभ्या राहिल्या. कुणाची परवानगी घ्यायची असते हे त्या साफ विसरल्या होत्या. डॉक्टरकाका त्यांच्यामागोमाग गेले. आत्याबाई पेपरवाल्यांना गाठायला केव्हाच निघाल्या होत्या. टेबलाशी मालक, मुलगी आणि जावई एवढेच उरले.

मालकांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. या खुर्चीतून त्यांना कधी कुणी उठवलं नव्हतं. त्यांनी मुलीकडे पाहिलं, आणि आता त्यांच्या आवाजात मालक राहिला नव्हता.

"तू काहीच बोलणार नाहीस? तुझं माहेर रिकामं करतोय हा."

ती खुर्चीवरून उठली. तिचेही डोळे भरले होते. तिने वाकून टेबलाखालून वडिलांच्या चपला काढल्या आणि त्यांच्या पायांपुढे नीट जोडून ठेवल्या.

"बाबा," ती म्हणाली, "चपला घाला."